हाताला न लागलेला ठोका

कापसाने भरलेली बैलगाडी समोरून येत होती आणि आमची जीप सरळ तिच्या अंगावर चालली होती. दादाने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. ते फिरताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, पण जीप काही वळेना. त्याने ते आणखी फिरवलं, तशी ती एकदम झोकांडी खाऊन वळली आणि रस्ता सोडून काळ्या रानात शिरली. बैलगाडीचं चाक माझ्या बाजूच्या पत्र्याला करकरत घासून गेलं. गाडीवानाने केव्हाच उडी टाकली होती आणि बैल जुवासकट वाकडे होऊन उभे होते.

मला ओरडायचं होतं, पण आवाजच फुटेना. तोंड उघडं आणि आत नुसती हवा, अशी मी बसून राहिले. जीपमध्ये मागे बसलेले बाजारकरी एकमेकांवर पडले होते आणि एका म्हाताऱ्याच्या पिशवीतली वांगी माझ्या पायांपर्यंत गडगडत आली होती. गाडीवान उठला, धोतर झटकलं आणि आमच्या दादाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागला. एरवी मी कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. त्या दिवशी मात्र तो जे बोलला ते मी सगळं ऐकलं.

"स्टिअरिंग ढिलं हाये," दादा म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "कवाचा सांगून राहिलो, स्टिअरिंग ढिलं हाये. कुनी मनावरच घेईना."

तेव्हा आमचा भाग परभणी जिल्ह्यात होता. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी वारंगा फाट्याजवळच्या एका खेड्यात शाळेवर मास्तरीण होते आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की दादाच्या जीपमधून आखाडा बाळापूरला घरी येत असे. दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. वडील गेल्यावर मला शिकवलं त्यानेच. आधी तो ट्रकवर होता, मग मिलिटरीच्या लिलावातली ही जुनी जीप घेऊन आला. तिचं स्टिअरिंग आपल्या इकडच्या गाड्यांसारखं उजव्या बाजूला नव्हतं, डावीकडे होतं. त्यामुळे दादाचा उजवा हात कायम गिअरच्या दांड्यावर आणि डावा हात स्टिअरिंगवर. बाळापूर ते फाटा, फाटा ते बाळापूर, सवाऱ्या भरायच्या आणि सोडायच्या. त्याच्यावर आई, वहिनी, त्यांची लहान लेक आणि शिक्षण होईपर्यंत मी, अशा आम्ही सगळ्या जगलो. बॉनेटच्या टोकाला पंचशीलाचा छोटा झेंडा लावलेला असे आणि रस्त्यावरची लोकं लांबूनच झेंडा ओळखून हात करत.

दादाच्या हाताची त्या रस्त्यावर ख्याती होती. इंजिनवर पंजा ठेवून तो कोणता सिलिंडर नीट मारत नाही ते सांगायचा. दुसऱ्यांच्या गाड्या बिघडल्या तरी त्याला बोलावणं येई. आणि गेल्या वर्ष-दीड वर्षात त्याची आणखी एक करामत सुरू झाली होती. फाट्यावरच्या हॉटेलात चहा पिताना तो भट्टीतला रसरशीत निखारा डाव्या हाताच्या बोटांनी उचलायचा आणि सगळ्यांच्या बिड्या एकेक करून पेटवून द्यायचा. रेडिएटरचं झाकण वाफ फुसफुसत असताना उघड्या हाताने फिरवायचा. लोक म्हणायचे, हात हाये का लोखंड! फाट्यावर नवा कोणी ड्रायव्हर आला की त्याला मुद्दाम हा खेळ दाखवला जाई. मलाही त्याचा भारी अभिमान. शाळेतल्या बाईंना मी हे सांगत असे, आणि सांगताना माझी मान ताठ होत असे.

स्टिअरिंग ढिलं झाल्याची तक्रार त्याच सुमाराची. फाट्यावरच्या मिस्त्रीने टायरची हवा पाहिली, चाकं जॅकवर उचलून हलवली, बेअरिंगं कसली. तरी ढीलच. मग त्याने दादाला विचारलं की नेमकी कुठल्या जोडात ढील आहे, तुमीच हात लावून सांगा. दादा खाली गेला, सगळे जोड तपासून आला आणि म्हणाला की जोडात काही नाही, दोष वर स्टिअरिंगच्या बॉक्समध्येच आहे. दादाने सांगितलं म्हणजे झालंच. मिस्त्रीने त्या बॉक्सचा स्क्रू कसला. पुढच्या खेपेला आणखी कसला. शेवटी स्टिअरिंग फिरवायला जड झालं, वळण घेतल्यावर ते आपसूक सरळ येईना, आणि गाडी मात्र पहिल्यासारखीच रस्ताभर डोलत राहिली.

तर त्या शनिवारी वांगी गोळा करून, गाडीवानाची माफी मागून आम्ही बैलाच्या चालीने बाळापूरला आलो. सवाऱ्या उतरल्या. त्यातल्या एका बाईने उतरताना मला सांगितलं, "तुमच्या भावाला म्हनावं, पुन्यांदा बसनार न्हाई." दादाने ते ऐकलं. जीप घरासमोरच्या लिंबाखाली लावली आणि तो सीटवरून उतरला तो तरातरा घरात जाऊन पोतं आणि पाना घेऊनच बाहेर आला.

"ये गं मास्तरीणबाई, बस वर," तो म्हणाला. "आज ह्याचा छडाच लावतो."

"आधी पाणी तरी पी."

"पानी मंग. बस म्हनलं ना."

जोड तपासायची पद्धत अशी असते. एकाने वर बसून स्टिअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे हलवायचं. दुसऱ्याने खाली जाऊन एकेका जोडावर पंजा ठेवायचा. जो जोड झिजलेला असेल तो हाताखाली ठोका देतो. डोळ्यांना ते दिसेलच असं नाही, पण हाताला कळतं. म्हणून हे काम नेहमी जाणता हात असलेल्या माणसाचं, असं दादाच म्हणायचा.

मी पदर खोचून ड्रायव्हरच्या जागेवर बसले. समोरच्या ओट्यावरच्या दोन बायांनी लगेच एकमेकींना कोपराने ढोसलं. दादा पोतं पसरून पाठीवर झोपला आणि समोरून जीपखाली सरकला. उजव्या हातात पाना, डावा हात वर जोडांकडे.

"हलव."

मी हलवलं. दोन्ही बाजूंना चांगलं वीतभर फिरलं तरी पुढच्या चाकांना त्याचा पत्ता नव्हता. मी वाकून पाहत होते, चाकं ढिम्म.

"हितं न्हाई. थांब. हं, हलव."

हलवलं.

"हितं बी न्हाई. आता?"

"हलवतेय की!"

"काहीच न्हाई. समदे जोड घट्ट हायेत. बॉक्सच गेलाय बघ."

मला रागच आला. माझ्या हातात ते चाक वीत वीत खुळखुळतंय, खाली काहीतरी खटखट वाजतंय ते मला वरून ऐकू येतंय, आणि हा म्हणतो घट्ट आहे. "दादा, नीट बघ ना. आवाज येतोय."

"मला शिकवतेस व्हय? हलव."

मी हलवत राहिले. तेवढ्यात कसला तरी वास आला. मला वाटलं रबर तापलं. मग वाटलं शेजारी कोणी कोंबडी भाजतंय. दुपारच्या वेळी कोण कोंबडी भाजणार, असा विचार करत मी इकडे तिकडे पाहिलं. वास खालून येत होता.

"काय जळून राहिलं गं?" दादाने खालून विचारलं. अगदी साध्या आवाजात, आपण चुलीवर दूध ठेवून विसरलेल्या बाईला विचारतो तसं.

मी उतरले आणि गुडघ्यावर बसून खाली पाहिलं. सायलेन्सरची नळी इंजिनच्या डाव्या बाजूनेच खाली येते. नुकतीच आलेली गाडी, नळी तापून लाल व्हायची बाकी. आणि दादाचा डावा हात, कोपरापासून मनगटापर्यंत, तिच्यावर नीट टेकलेला. भिंतीला टेकावा तसा. त्याचा पंजा त्या जोडावर होता आणि तो माझ्याकडे पाहून म्हणत होता, "उतरलीस काहून? हलव ना."

मी त्याचा हात ओढला. कातडी नळीला चिकटून राहिली.

त्यानंतर मी ओरडले. मघापासून घशात अडकलेली सगळी किंकाळी तेव्हा निघाली. आई आणि वहिनी धावत बाहेर आल्या, ओट्यावरच्या बायाही आल्या. दादा बाहेर सरकला आणि आपल्या हाताकडे पाहत बसला. दुसऱ्या कोणाचा तरी हात त्याच्या मांडीवर आणून ठेवावा तसा तो त्या हाताकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती. मला आजही कोणी विचारलं की तू कशाने हादरलीस, तर ती भाजलेली कातडी मी सांगणार नाही. त्याच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती, ते मी सांगेन.

वहिनीने तूप आणि फडकं आणलं. ती फडकं बांधत असताना मी काय केलं, तर तरातरा गेले आणि जीपखाली शिरले. का, ते मला सांगता येणार नाही. कदाचित त्याच्याकडे पाहवत नव्हतं म्हणून. मी आईला म्हटलं, तू वर बस आणि ते चाक हलव. आई बिचारी चढून बसली आणि हलवायला लागली. पुढच्या आसाच्या मधोमध एक लोखंडी तुकडा असतो. स्टिअरिंगकडून येणारा दांडा आणि दोन्ही चाकांकडे जाणारे दांडे त्याला जोडलेले असतात, आणि तो एका खुंटीवर फिरतो. मी त्याच्यावर पंजा ठेवला. असा ठोका बसला की मी हात मागे घेतला. पुन्हा ठेवला. पुन्हा ठोका. त्याची खुंटी भोकात पार खुळखुळत होती. तो ठोका कळायला मिस्त्री असायची गरज नव्हती, माझ्या चौथीतल्या पोरांनाही तो कळला असता. दादाने मघाशी याच तुकड्यावर हात ठेवला होता आणि म्हणाला होता, काही न्हाई.

"दादा, हा मधला तुकडा गेलाय," मी खालून म्हटलं.

"न्हाई, तो बराबर हाये. मी बघितलाय."

"ये आणि हात लाव."

तो आला. भाजलेला हात वहिनीने बांधला होता, पण बोटं मोकळी होती. त्याने तीच डाव्या हाताची बोटं तुकड्यावर ठेवली. आईने स्टिअरिंग हलवलं. तुकडा त्याच्या बोटांखाली उडत होता, मी तो डोळ्यांनी पाहत होते.

"काही न्हाई," तो म्हणाला.

"आता दुसरा हात लाव."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग पाना खाली ठेवला आणि उजवा पंजा त्या तुकड्यावर ठेवला. आईने स्टिअरिंग हलवलं. दादाचा हात असा दचकून मागे आला की कोपर जमिनीवर आपटलं. त्याने पुन्हा डावा ठेवला. मग उजवा. मग डावा. आम्ही दोघं भावंडं जीपखाली शेजारी शेजारी पडलो होतो आणि तो एकदा हा हात आणि एकदा तो हात असं करत होता. मला त्याच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता.

"व्हय," तो शेवटी म्हणाला. "हाये ठोका."

माझ्या वर्गात भिंतीवर आरोग्य खात्याचा एक तक्ता होता. त्यातला माणूस पाठमोरा, त्याच्या अंगावर फिकट चट्टा आणि खाली लिहिलेलं, की चट्ट्याला स्पर्श कळत नसेल तर दवाखान्यात दाखवा. पोरं तो मोठ्याने वाचत आणि मी ऐकत असे. जीपखाली पडल्या पडल्या मला तो तक्ता अक्षरासकट दिसला. दादाच्या बाहीखाली, कोपराच्या वर, असा फिकट डाग होता. आम्ही सगळेच म्हणायचो की ते ऑइलमुळे झालंय.

तो शब्द मी कोणापुढे उच्चारला नाही. महारोग म्हटलं की त्या काळी गावाबाहेर झोपडी, वेगळं गाडगं आणि लेकीचं लग्न कायमचं मोडलं, एवढं सगळं एका शब्दात यायचं. दादाच्या जीपमध्ये कोण बसणार होतं मग? रात्री सगळे निजायला गेल्यावर मी वहिनीला चुलीपाशी गाठलं. म्हटलं, वहिनी, दादाच्या डाव्या हाताला काही कळत नाही.

"ते मला ठाऊक हाये, बाई," ती म्हणाली.

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"आंघोळीचं पानी मी आधी हात घालून बघते. एकदा उकळतं पानी अंगावर घ्यायला लागले व्हते. च्या बी निववूनच देते मी."

"आणि सांगितलं काहून न्हाई?"

"काय सांगू?" वहिनीच्या आवाजात खरोखरचं आश्चर्य होतं. "समदा फाटा म्हनतोय, हात हाये का लोखंड. तुमी बी म्हनत व्हत्या. मला वाटलं, डायवर लोकांचं असंच असतं. गरम इंजिनाला हात लावून लावून घट्ट व्हत असल."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण ती चुकीचं काय बोलली? आम्ही सगळ्यांनी मिळून त्या मेलेल्या हाताचं कौतुक केलं होतं. बिड्या पेटवून घेतल्या होत्या.

बाळापूरच्या सरकारी दवाखान्यात बाजारच्या दिवशी या रोगाची तपासणी करणारे एक साहेब बसत. दादाला मी काय सांगून नेलं? भाजल्यावर सुई घ्यावी लागते, असं सांगून. साहेबांनी दार लोटून घेतलं, त्याला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची वात करून हाताला ठिकठिकाणी लावली. जिथे कळेल तिथे बोट ठेवा, म्हणाले. उजव्या हातावर दादाने प्रत्येक जागी बरोबर बोट ठेवलं. डाव्या हातावर साहेब कापूस फिरवत राहिले आणि दादा डोळे मिटून बोट वर धरून वाट पाहत राहिला. शाळेत उत्तर येत नसलेलं पोरगं मास्तर कधी पुढे जातात याची वाट बघतं, तसा.

साहेबांनी त्याच्या कोपराच्या मागची शीर चाचपली आणि मला चाचपायला लावली. सुतळीसारखी जाड लागत होती. त्यांनी आजाराचं नाव स्वच्छ सांगितलं. गोळ्या घ्या, म्हणाले, चुकवू नका, रोग थांबेल, घरातून कुणाला बाहेर काढायची गरज नाही. पण गेलेली जाणीव परत येईल असं मी सांगू शकत नाही.

दादाने बाही खाली ओढून घेतली. मग म्हणाला, "साहेब, गाडी?"

"चालवा. मी मनाई करत नाही. फक्त हाताला काय लागतं यावर भरवसा ठेवू नका. जे करायचं ते डोळ्यांनी बघून करा."

आईला आम्ही आडपडदा न ठेवता सांगितलं. ती जेवायला वाढत होती. तिच्या हातातली भाकरी टोपल्यात परत गेली आणि ती तशीच बसून राहिली. मग तिने एकच विचारलं, की हे कुणाकुणाला ठाऊक आहे. आपण चौघंच, असं सांगितल्यावर ती उठली आणि तिने ती भाकरी दादाच्या ताटात वाढली.

मिस्त्रीला निरोप गेला होताच. तो बाळापुरात घरी आला, मधला तुकडा काढला, त्याच्या झिजलेल्या भोकात नवीन बुश बसवला, खुंटी बदलली. वरच्या बॉक्सचा इतक्या वेळा कसलेला स्क्रू पुन्हा सैल करून जागेवर आणला. सगळ्या जोडांत ग्रीस भरलं, नव्या पिना घातल्या. काम करता करता तो कुरकुरत होता. "तुमी म्हनले जोड घट्ट हायेत, म्हनून मी बॉक्स कसत गेलो. तुमच्या हातावर भरवसा ठेवला मी." दादाने पुढची पिन त्याच्या हातात दिली. मग मिस्त्रीचं लक्ष फडक्याकडे गेलं.

"काय झालं?"

"सायलेन्सर लागला."

"तुमाला?" मिस्त्री खदाखदा हसला. "तुमाला बी पोळतं व्हय!"

त्याला सोडायला आम्ही फाट्यावर गेलो. जीप दादानेच चालवली, मी शेजारी. तिथे चहा आला आणि हॉटेलातल्या लोकांनी बिड्या काढल्या. कुणीतरी आरोळी दिली, उचला निखारा! दादाने चिमटा मागितला. चिमट्याने निखारा धरून त्याने सगळ्यांच्या बिड्या पेटवल्या. लोकांनी त्याची खूप टर उडवली, म्हणाले, म्हातारं झालं रे आपलं लोखंड. तोही हसला. मी मात्र चहा तसाच ठेवून जीपमध्ये जाऊन बसले. मला त्या सगळ्यांच्या डोक्यात काहीतरी घालावंसं वाटत होतं.

परतीच्या रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. ज्वारी काढून झालेली, दोन्हीकडे नुसती धसकटं. जीप दोरी धरल्यासारखी सरळ चालली होती. दादा जरासा हात हलवायचा आणि चाकं तेवढीच हलायची. खड्ड्यातही ती भटकली नाही. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने म्हटलं, "बघ दादा, कशी चाललीय!"

त्याने वेग कमी केला. जीप बाजूला घेतली आणि थांबवली.

"अजून ढिलंच हाये," तो म्हणाला.

"कुठे ढिलं? सरळ तर चाललीय."

"सरळ चाललीय ते मला बी दिसून राहिलं. डोळ्याला दिसतंय. हाताला न्हाई लागत." तो समोरच्या रस्त्याकडे पाहत होता. "मधल्या तुकड्यानं मला ढिलं वाटत न्हवतं गं. तो बिघडायच्या आधीपास्नंच मला ढिलं वाटून राहिलं व्हतं. गाडी बिघडली मंग. आधी मीच."

मी म्हटलं, साहेब म्हणालेत की चालवा, डोळ्यांनी बघून चालवा.

"साहेबानं गाडी चालवली का कधी? गाडी घसरायच्या आधी हाताला कळतं. डोळ्याला कळतं तवा घसरलेली असती. त्या दिवशी बैलगाडी व्हती. उद्या शाळेतली लेकरं असली तर?" असं म्हणून तो उतरला, बॉनेटला वळसा घालून माझ्या बाजूला आला. "सरक तिकडं."

उन्हाळ्यात खळ्यावर त्याने मला गंमत म्हणून क्लच आणि गिअर शिकवले होते. रस्त्यावर मी कधी गाडी चालवली नव्हती. मी नको म्हटलं, तो ऐकेना. शेवटी मी पदर खोचून स्टिअरिंगपुढे बसले. पहिल्यांदा दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली. मी चाक इतकं गच्च धरलं होतं की माझी बोटं पांढरी पडली. दादा शेजारी बसला होता, फडकं बांधलेला हात मांडीवर ठेवून.

"काय लागतं हाताला?" त्याने विचारलं.

"थरथर लागते. इंजिनची."

"अजून?"

"आता खडा गेला चाकाखालून, तो लागला. डाव्या चाकाखालून."

"अजून सांग."

"थोडीशी डावीकडे ओढते."

"व्हय, रस्ता तिकडं उतरता हाये. ढिलं लागतं का कुठं?"

"नाही दादा. कुठंच नाही. बराबर आहे."

"खरं सांगून राहिलीस ना?"

"शप्पथ."

त्याने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोप आली. मी समोर बघत गाडी चालवत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात सोडायची माझी हिंमत नव्हती.

"असंच लागायचं," तो म्हणाला. "मला बी असंच लागायचं."